कार्डाचा सातबारा: पीएसपी सापडलेल्या मुळशीकर नवशिक्यांसाठी

घर आवरताना पोटमाळ्यावर, दिवाणात किंवा पुतण्याच्या जुन्या दप्तरात ज्यांना सोनीचं पीएसपी सापडलं, आणि चार्जिंगला लावल्यावर नारिंगी दिवा लागला म्हणून ज्यांचा जीव त्यात अडकला, अशा मुळशी तालुक्यातल्या समस्त नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. वयाची अट नाही. हिंजवडी-माणची मंडळीही चालतील. आपण मुळशी तालुक्यात राहतो हे त्यांना सातबारा काढायची वेळ आली की कळतंच.

ज्यांना यंत्र सापडलेलं नाही त्यांनी पुढचं वाचू नये. वाचलं की घ्यावंसं वाटतं, आणि घेतलं की "आता या वयात?" हे ऐकून घ्यावं लागतं.

कार्ड लागतंच कशाला

पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानात आलं. त्याचा गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर मिळतो. चकती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. यंत्राच्या स्वतःच्या पोटातही (मॉडेल १०००, २००० किंवा ३००० असेल तर) तुमचं काही ठेवायला जागा नाही. म्हणजे रविवारची अख्खी दुपार घालवून तुम्ही सातव्या टप्प्यावर पोहोचलात आणि बॅटरी संपली, तर सोमवारी पुन्हा श्रीगणेशा. केलेली मजल कुठेतरी लिहून ठेवायची तर कार्ड हवंच.

घोळ पुढे आहे. मोबाइलमध्ये जातं ते नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड पानाच्या टपरीवरसुद्धा मिळेल, पण ते पीएसपीत बसत नाही. सोनीनं १९९८ साली स्वतःचं वेगळं कार्ड काढलं, मेमरी स्टिक. पुढच्याच वर्षी पॅनासॉनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क या तिघांनी मिळून एसडी कार्ड आणलं आणि हळूहळू सगळं जग त्या बाजूला गेलं. सोनी मात्र हटली नाही. असं तिनं व्हिडिओ कॅसेटच्या वेळीही केलं होतं. भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघितलेल्या पिढीनं आठवून पाहावं, त्या कॅसेटी व्हीएचएस होत्या, सोनीच्या बेटामॅक्स नव्हेत. अखेर २०१० मध्ये सोनीनं स्वतःच एसडी कार्डं विकायला काढली. चला, शहाणपण आलं म्हणावं, तर डिसेंबर २०११ मध्ये पीएस व्हिटा आलं आणि त्यात तिसरंच कार्ड, जे दुसऱ्या कशातच चालत नाही! याला हट्ट म्हणायला मी तयार नाही. यंत्र आमचं घेतलंत ना, मग कार्डही आमच्याकडूनच आणि आमच्याच भावानं घ्या, असा तो सरळ हिशोब आहे.

त्या हिशोबावरचा उतारा म्हणजे अडॅप्टर. मेमरी स्टिक प्रो ड्युओच्या मापाची, ३१ मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १.६ जाड अशी ही काळी पट्टी. तिच्या पोटात १५ बाय ११ चं, एक मिलिमीटर जाडीचं मायक्रोएसडी सरकवायचं. पट्टीत एक बारकी चिप असते. यंत्रानं विचारलं की ती सांगते, "मी मेमरी स्टिक." यंत्राला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

व्हिटावाल्यांसाठी एवढंच, की तुमचं अडॅप्टर निराळं. ते गेमच्या खाचेत बसतं आणि त्यासाठी यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर बदलावं लागतं. ते नवशिक्याचं काम नाही, तुम्ही पान उलटा.

साहित्य

पीएसपी, एक. अडॅप्टर, एक, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मायक्रोएसडी कार्ड. कार्ड रीडर आणि लॅपटॉप. मिनी-यूएसबीची केबल, म्हणजे आताची नव्हे आणि हिच्या आधीची जाड चौकोनी पण नव्हे, त्यांच्या मधली; जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पिशवीत शोधा. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, पण शेजारचे काका घेऊन येतील. त्यांना चहा द्यावा आणि स्क्रू-ड्रायव्हर आपल्याकडे ठेवून घ्यावा.

सर्वांत आधी यंत्र उलटं करून मागचं झाकण बघा. या बॅटऱ्यांना आता पंधरा-वीस वर्षं होत आली. झाकण नीट बसत नसेल, मधे फुगवटा असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती काढून बाजूला ठेवा. टोचायची नाही, दाबायची नाही, चुलीजवळ न्यायची नाही. नवी आणा, मगच पुढचं वाचा.

पायरी पहिली: कार्ड विकत घेणे

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मिळून जेवढं बिघडू शकतं, त्याहून जास्त या एका पायरीत बिघडतं. म्हणून सावकाश.

तुम्ही दुकानात जाता.

"दादा, बत्तीस जीबीचं मायक्रोएसडी द्या."

"बत्तीस कशाला? पाचशे बारा न्या की. तेवढ्याच पैशात."

"तेवढ्याच?"

"स्कीम चालूये."

इथे मुळशीच्या माणसाचे कान उभे राहायला हवेत. जागेवर चार गुंठे आणि खरेदीखतं चाळीस गुंठ्यांची, हा व्यवहार आपल्या तालुक्याला शिकवायला नको. त्यावर २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा अख्खा सिनेमा निघाला. कार्डाचंही तसंच. आत खरी जागा आठ जीबी, पण कार्डातल्या चिपला पढवून ठेवलेलं असतं की कोणी विचारलं तर पाचशे बारा सांग. लॅपटॉप विचारतो, ती सांगते, लॅपटॉप मान डोलावतो. पहिले आठ जीबी भरेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालतं. नववा सुरू झाला की नवा माल जुन्याच्या डोक्यावर पडतो, नाहीतर सरळ हवेत जातो. आणि गंमत अशी, की फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीलाच लिहिलेली असल्यामुळे नावं सगळी जागच्या जागी दिसत राहतात. उघडायला गेलात की आत कचरा. कागदोपत्री प्लॉट तुमचा, जागेवर दुसऱ्याचं जोतं आलेलं.

तेव्हा स्कीम नको. ओळखीच्या कंपनीचं बत्तीस जीबीचं कार्ड घ्या, पक्क्या पावतीसह. बत्तीसच का? एकतर गेमची एक नोंद काही शे केबीपासून एखाद्या एमबीपर्यंत असते, त्यामुळे बत्तीस जीबी भरायला तुम्हाला निवृत्तीनंतरही वेळ कमी पडेल. दुसरं म्हणजे बत्तीसपर्यंतची कार्डं फॅट-३२ या पद्धतीनं आखून येतात आणि त्याच्या वरची एक्सफॅटनं. पीएसपीला एक्सफॅट वाचता येत नाही. यंत्रातच फॉरमॅट केलं तर मोठी कार्डंही पुष्कळदा चालतात, पण नवशिक्यानं तिथे शिरू नये.

पायरी दुसरी: मोजणी

व्यवहार झाला, आता मोजणी. भूमी अभिलेखवाल्यांची तारीख मिळायची वाट बघावी लागत नाही, एवढा इथे फायदा. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा एक जुना, फुकट जर्मन प्रोग्राम विंडोजवर चालतो. तो कार्डावर एक-एक जीबीच्या फायली लिहीत थेट शेवटच्या बांधापर्यंत जातो आणि मग पहिल्यापासून सगळ्या वाचून जुळतात का ते बघतो. चिपला काय पढवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो चालून जागा मोजतो.

कार्ड नवंकोरं असतानाच हे करावं. लिहिणं आणि वाचणं मिळून दीड-दोन तासही लागतील, रीडर जुना असेल तर आणखी. तेवढ्यात वीज जाईल.

ती का जाते यात मी शिरत नाही, पण मुळशीत बसून विजेबद्दल लिहायचं आणि एक विषयांतर करायचं नाही हे जमणार नाही. मुळा नदीवर टाटांनी धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं आणि आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी आजही घाटाखाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि त्याची वीज मुंबईच्या वाट्याला जाते. ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभं आहे त्यांच्या पणतवंडांनी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून मगच मोजणीला बसावं.

चूक नाही असा निरोप आला की मोजणीच्या फायली पुसून टाका. चुका निघाल्या तर पावती घेऊन दुकानात जा. पावती घेतली नसेल तर जाऊन उपयोग नाही, तो माणूस "तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी असेल" म्हणणार.

पायरी तिसरी, चौथी आणि पाचवी

या तिन्ही मिळून मिनिटभराच्या आहेत. कार्ड अडॅप्टरात सरकवा. कोणती बाजू वर ते अडॅप्टरवर छापलेलं असतं, नसेल तर उजेडात धरून आतल्या पितळी दातांची बाजू बघा. कार्डाचे सोनेरी पट्टे त्या दातांवर यायला हवेत. अडॅप्टरची वरची पत्र्याची पाठ पापडासारखी पातळ असते; अंगठ्यानं दाबत नेलं तर ती वाकते आणि मग पट्टी यंत्रात अडकते. म्हणून कडेवर नख लावून ढकला. कार्डाची मागची कड अडॅप्टरच्या कडेला समतल आली की थांबा.

मग यंत्र बंद करा. बटण क्षणभर वर ढकलून सोडलं तर ते नुसतं झोपतं. हिरवा दिवा विझेपर्यंत धरून ठेवा. डाव्या अंगाला छोटं झाकण आहे, ते उघडून अडॅप्टर आत सारा. स्प्रिंग लागेल, टक् असं होईल. जात नसेल तर बाजू उलटी आहे. जोर लावू नका.

याच वेळी घरातलं कोणीतरी म्हणेल, "आरं, आधी फुंकर मार की." नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकून लावलेल्या सगळ्यांना ही खोड आहे. फुंकरीतून वाफ जाते आणि सोनेरी पट्ट्यांवर बसते. मुळशीच्या हवेत जून ते सप्टेंबर वाफेची कमतरता नसते, त्यात आपली भर कशाला? पट्टे काळपटलेच असतील तर मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि चुरा कोरड्या ब्रशनं झटका.

पायरी सहावी: फॉरमॅट, म्हणजे नवं दप्तर

या शब्दाला लोक उगाच घाबरतात, आणि नको तिथे घाबरत नाहीत.

फॅट म्हणजे कार्डाच्या सुरुवातीला ठेवलेलं तलाठ्याचं दप्तर. कुठला तुकडा कुठल्या फायलीच्या नावावर, तिचा पुढचा तुकडा कुठे, कुठली जमीन मोकळी, एवढंच त्यात असतं. फाइल पुसली की शेतात कोणी नांगर घालत नाही, दप्तरात नाव कमी होतं. फॉरमॅट केलं की अख्खं दप्तर कोरं करून नवं मांडतात. जमीन होती तशीच पडून राहते आणि पुढचा कोणी पेरेपर्यंत जुनं पीकही तिच्यात उभं असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. घरातलं जुनं मोबाइलचं कार्ड वापरणार असाल तर त्यावरचे लग्नाचे, बारशाचे फोटो आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, कारण दप्तर एकदा गेलं की तुम्हाला ते सहजासहजी दिसणार नाहीत. आणि हेच कार्ड पुढे कोणाला दिलंत तर लक्षात ठेवा, हरवलेल्या फायली शोधणारे प्रोग्राम त्यालाही मिळतात. तुम्हाला न दिसणारे फोटो त्याला दिसू शकतील.

आता प्रत्यक्ष कृती. फॉरमॅट यंत्रातच करायचं. लॅपटॉपवर नाही, काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नाही. पीएसपीला आपल्या पद्धतीनं आखलेलं दप्तर लागतं आणि स्वतःचे फोल्डरही ते त्याच वेळी मांडून घेतं. मेनूत डाव्या टोकाला सेटिंग्ज, त्यात सिस्टिम सेटिंग्ज, त्यात फॉरमॅट मेमरी स्टिक. यंत्राला मराठी येत नाही, तेव्हा इंग्रजीवर भागवा. यंत्र विचारेल, सगळं पुसलं जाईल, चालेल? हो म्हणा. हो म्हणायला फुलीचं बटण दाबायचं. पण यंत्र जपानी बाजारातलं असेल तर तिथे गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. फुली दाबून दाबून यंत्र सारखं मागेच जात असेल तर ते बिघडलेलं नाही, जपानी आहे.

डावीकडचा नारिंगी दिवा लुकलुकत असेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. दप्तर लिहायचं काम चाललेलं असतं.

पायरी सातवी: माल भरणे

यंत्राला केबल लावा, सेटिंग्जमधून यूएसबी कनेक्शन निवडा, लॅपटॉपवर कार्ड दिसेल. क्वचित विंडोज म्हणेल, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. नाही म्हणा. तो प्रत्येक अनोळखी कार्डाला हेच विचारत सुटतो.

गाणी म्यूझिकमध्ये, फोटो पिक्चरमध्ये, चित्रफिती व्हिडिओमध्ये. हे फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कार्डाच्या मुळाशी हवेत. पीएसपी नावाच्या फोल्डरच्या आत नकोत. गेमच्या नोंदी मात्र त्या पीएसपी फोल्डरातच, सेव्हडेटामध्ये, यंत्र स्वतः ठेवतं. तिथे ढवळाढवळ नको, महिन्यातून एकदा अख्खा सेव्हडेटा लॅपटॉपवर उतरवून ठेवला की झालं. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत द्या, देवनागरी यंत्राला वाचता येत नाही. चित्रफीत ४८० बाय २७२ मापाची एमपी-४ हवी, तेवढाच त्याचा पडदा आहे. मोबाइलवर काढलेली ताम्हिणीच्या धबधब्याची फीत तशीच टाकलीत तर नाव दिसेल, चालणार नाही.

आणि एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी नको. फॅट-३२ च्या दप्तरात त्याहून मोठं क्षेत्र एका नावावर चढत नाही. कमाल जमीन धारणेचा कायदाच म्हणा, फक्त इथे पळवाट नाही.

ज्यांनी दोन खाचांचं अडॅप्टर घेतलं त्यांच्यासाठी

का घेतलंत? बरं, घेतलंच आहे तर ऐका. दोन खाचांत दोन कार्डं जातात आणि दोन्ही मिळून यंत्राला एक मोठं कार्ड दिसतं. आत काय होतं, तर प्रत्येक फाइल चिरून थोडी या कार्डावर, थोडी त्या कार्डावर अशी आळीपाळीनं लिहिली जाते. हे सामाईक खातं आहे. एक भाऊ सहीला आला नाही की व्यवहार ठप्प. एक कार्ड बिघडलं, हरवलं किंवा कोणी कौतुकानं काढून मोबाइलमध्ये घातलं की दुसऱ्यावरचं सगळं असून नसल्यासारखं. दोन्ही कार्डं एकाच मापाची घ्या, एकाच वेळी बसवा, मग यंत्रात फॉरमॅट करा आणि पुन्हा वाटणी करायचं मनात आणू नका.

नेहमीच्या तक्रारी

"बत्तीसचं कार्ड एकोणतीसच दाखवतंय. तीन जीबी कोणी खाल्ले?" कोणीही नाही. कार्डाची कंपनी जीबी मोजताना हजाराच्या पटीत मोजते, यंत्र १०२४ च्या पटीत. बत्तीस अब्ज बाइट यंत्राच्या मापानं २९.८ भरतात, त्यातली थोडी जागा दप्तराला जाते. स्कीममधलं पाचशे बाराचं कार्ड कमी दाखवत नाही, एवढ्यावरून त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

"काल चालू होतं, आज कार्ड नाही म्हणतंय." अडॅप्टर काढा, कार्ड काढा, दोन्ही पुन्हा बसवा. बहुतेकदा एवढ्यानं भागतं. कार्ड अडॅप्टरात थोडं सैल असेल आणि घाटातल्या वळणांवर यंत्र खिशात हादरलं असेल, तर असं होतं.

"पावसात भिजलं. तांदळात ठेवू का?" तांदळानं फारसं काही होत नाही, उलट कणी आणि पीठ खाचेत जातं. बॅटरी काढा, अडॅप्टर काढा, कोरड्या कापडानं पुसा आणि पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्या डब्यात शेजारी ठेवल्यात तर उत्तम. आंबेमोहर भातासाठी ठेवा.

"गेमच्या यादीत 'करप्टेड डेटा' असं दिसतंय." तो गेम नाही. यंत्राला ओळखता न आलेल्या फायलीला ते असं म्हणतं. तुम्ही काहीतरी भलत्या फोल्डरात टाकलंय.

"कार्ड चालतंय, नोंदही होतेय. पण चकती एकच मिळाली होती आणि तो गेम संपला." कंपनीनं पीएसपीवरून खरेदी करायची उरलीसुरली सोयही २०२१ मध्ये बंद केली, तेव्हा आता चकत्याच शोधायच्या. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पौडहून सकाळच्या बसनं निघा. चकती हातात घेऊन तिचं प्लॅस्टिकचं कवच कडेनं उकललेलं नाही ना ते बघा. तो डिंक वर्षांनुवर्षं टिकत नाही. उकललेलं असेल तर चकती वाईट नसते, फक्त विकणाऱ्याला ते दाखवायचं आणि निम्म्यापासून बोलायला सुरुवात करायची.